जंगल फाटकापाशी संपत नाही

नागझिऱ्याच्या जंगलात २० मे २०२३ रोजी दोन वाघिणी सोडण्यात आल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातून आणलेल्या या वाघिणींना अनुक्रमे एनटी-१ आणि एनटी-२ अशी नावे देण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी वाघीण आली. एका ठिकाणी वाघ दाटीने वाढले आहेत, दुसऱ्या ठिकाणी जंगल चांगले असूनही वाघ थोडे आहेत. तेव्हा जेथे अधिक आहेत तेथून काही उणे जेथे आहेत तेथे न्यावेत, असा या प्रयोगामागचा सरळ हिशेब होता. महाराष्ट्रात अशा प्रकारचा हा पहिलाच मोठा प्रयत्न असल्यामुळे त्याला प्रसिद्धीही भरपूर मिळाली. तिरोडा तालुक्यातील चोरखमारा आणि मंगेझरी या प्रवेशद्वारांकडे वळणाऱ्या पर्यटकांच्या अपेक्षा वाढल्या.

परंतु वाघिणी आणून सोडल्याने जंगलाचा प्रश्न सुटतो काय, हा विचार या उत्साहात मागे पडला. नागझिऱ्यात येणारा पाहुणा फाटकातून आत शिरतो, तीन-चार तास जिप्सीतून हिंडतो आणि वाघ दिसला की नाही यावर सहलीचे यशापयश ठरवून परततो. प्रत्यक्षात या जंगलाचे भवितव्य ठरते ते फाटकाबाहेर, म्हणजे रस्त्यांवर, लोहमार्गावर, गावतळ्यांवर आणि मोहाच्या झाडाखाली. तिरोडा तालुका त्याचे उत्तम उदाहरण आहे.

वर्षावन नव्हे, पानझडीचे वन

जंगल म्हटले की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे सदाहरित वर्षावनाचे चित्र उभे राहते. दाट, ओले, बारमाही हिरवे, वेलींनी गच्च भरलेले असे ते चित्र असते. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील किंवा आपल्याकडे आंबोली, कोयना, चांदोली येथील सदाहरित वने काही अंशी त्या चित्राशी जुळतात. नागझिरा मात्र त्या जातीचे नाही. तेही उष्ण कटिबंधातीलच वन आहे, पण शुष्क पानझडीचे. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलीमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांचे नियोजन झाडांनाच करावे लागते. पाने गाळून पाणी वाचविणे हे त्या नियोजनाचे मुख्य अंग आहे.

हे ध्यानात न घेता जो एप्रिल-मे महिन्यांत येथे येतो, त्याला जंगल करपलेले, निष्प्राण भासते. वस्तुतः हाच त्याच्या अत्यंत लगबगीचा काळ असतो. फेब्रुवारी संपत असताना पळस आणि काटेसावर फुलतात. पाने नसलेल्या फांद्यांवरील त्यांच्या लाल-केशरी फुलांवर मैना, कोतवाल, पोपट, वानरे अशी सगळी मंडळी मध आणि पाकळ्यांसाठी गोळा होतात. मार्चमध्ये मोह टपकू लागतो. पहाटे पडलेली फुले वेचण्यासाठी माणसे येतात, त्यांच्या आधी अस्वल आणि चितळ येऊन गेलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत चाराची फळे म्हणजे चारोळी तयार होते, तेंदूला नवी पालवी फुटते आणि त्याची गोड फळे पिकतात. पांढऱ्या, चकचकीत सालीचा कुलू हा वृक्ष उन्हाळ्यात पूर्ण निष्पर्ण उभा असतो. चांदण्यात त्याचा आकार असा दिसतो, की त्याला भुताचे झाड का म्हणतात ते सांगावे लागत नाही.

पावसाच्या पहिल्या दोन सरींनंतर हेच जंगल ओळखू येऊ नये इतके पालटते. साग, ऐन, बिजा, धावडा, हलदू, तिनसा, गराडी यांना एकदम पाने येतात. बांबूच्या बेटांतून कोवळे कोंब वर येतात. या भागात त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी आवडीने खाल्ली जाते. वारुळांच्या आसपास सात्या उगवतात, त्या शोधण्यासाठी गावातील बायका-मुले रानाच्या कडेने फिरतात. नवरंग पक्षी शीळ घालू लागतो. माहुलाच्या प्रचंड वेली झाडांवर चढून फांद्या एकमेकींत गुंतवितात. वर्षावनाची जी हौस पर्यटकाला असते, ती भागविण्याची क्षमता नागझिऱ्यात असेलच तर ती जुलै ते सप्टेंबर या काळात असते. नेमक्या याच काळात गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते, आणि ते योग्यही आहे. मात्र बफर क्षेत्रात पायी फिरून झाडे, कीटक, बेडूक, पक्षी पाहण्याची सोय आखता येण्याजोगी असताना तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

जंगलाचे हे वार्षिक चक्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी येथे मुक्काम करून ‘नागझिरा’ लिहिले. वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी आदिवासींकडून झाडांची, पक्ष्यांची स्थानिक नावे जमविली आणि मराठीला शेकडो शब्द दिले. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी श्रद्धांजलीचे लेख पुष्कळ आले. पण ज्या दृष्टीने त्यांनी जंगल पाहिले ती दृष्टी आजच्या वनपर्यटनात कोठे आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

वाघकेंद्री पर्यटनाची मर्यादा

नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले. पुढे नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नवेगाव, नवीन नागझिरा आणि कोका ही अभयारण्ये मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा राज्यातील पाचवा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे गाभा क्षेत्र साडेसहाशे चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे आणि ते गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले आहे. रानकुत्र्यांच्या टोळ्या, गवे, अस्वले, चौशिंगा, उडती खार, भृंगराज ही या जंगलाची जुनी ओळख. वाघ येथे नेहमीच होता, पण ताडोब्यासारखा हमखास दिसणारा नव्हता. स्थलांतराच्या प्रयोगापूर्वी येथील वाघांची संख्या दहाच्या आसपास होती. त्याच वेळी एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ होते. २०२२ च्या राष्ट्रीय गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज काढण्यात आला. त्यांची वाटणी किती विषम आहे ते यावरून दिसते.

व्याघ्र प्रकल्प झाल्यावर पर्यटनाचे गणित वाघाभोवती बसले. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटनाला परवानगी देता येते. म्हणजे पाहुण्याला जंगलाचा एक लहानसा भाग दिसतो, तोही ठराविक रस्त्यांवरून. या रस्त्यांवर गाइडला बक्षिसी मिळते ती वाघ दाखविल्याबद्दल. बिजाच्या झाडाचा लाल चीक किंवा ऐनाच्या सालीखाली साठलेले पाणी दाखविल्याबद्दल कोणी बक्षिसी देत नाही. चालक आणि गाइड गावातील तरुण असतात. त्यांना रानाची माहिती नसते असे नाही. ती माहिती विकली जात नाही, एवढेच.

याचा शेवट कोठे होतो ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडविली. चित्रफिती सर्वत्र पसरल्यावर संबंधित चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर राज्यात सफारीवेळी मोबाइल नेण्यास बंदी घालण्याची पावले उचलली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कॉर्बेट प्रकरणात निकाल देताना गाभा क्षेत्रातील मोबाइल वापर आणि रात्रीचे पर्यटन यांवर निर्बंध घातले.

हे निर्बंध आवश्यक होते. परंतु शिक्षा झाली ती मुख्यतः साखळीतील सर्वांत दुबळ्या दुव्याला. ज्या पाहुण्यांच्या आग्रहापायी गाडी पुढे दामटली गेली आणि ज्या व्यवस्थेने ‘दर्शन’ हीच विक्रीयोग्य वस्तू ठरविली, त्यांची वृत्ती मोबाइल बाहेर ठेवल्याने बदलत नाही. सहलीचे मोजमापच बदलल्याशिवाय असे प्रसंग टळणार नाहीत.

बेटे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा

नकाशा उघडून पाहिला तर नागझिरा आणि नवेगाव ही दोन हिरवी बेटे वेगवेगळी दिसतात. उत्तरेला बालाघाटमार्गे कान्हा, पश्चिमेला पेंच, दक्षिणेला ब्रह्मपुरी-ताडोबा आणि गडचिरोली, पूर्वेला छत्तीसगडची वने. मध्य भारतातील वन्यजीवांच्या येण्याजाण्याचे हे एक महत्त्वाचे नाके आहे. नागझिऱ्याचे मोल त्याच्या क्षेत्रफळात जितके आहे त्याहून अधिक या स्थानात आहे. लहान जंगलात वाघांची संख्या मर्यादितच राहणार. तेथे जन्मलेल्या तरुण वाघाला बाहेर पडून नवे क्षेत्र शोधता आले आणि बाहेरून नवे रक्त आत येऊ शकले, तरच ती संख्या टिकते.

‘जय’ नावाच्या वाघाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ मध्ये जंगल सोडून उमरेड-कऱ्हांडल्यास पोहोचला आणि तेथील पर्यटनाचा कणा बनला. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा वाघ एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाला. त्याचे काय झाले हे अखेरपर्यंत निश्चित कळले नाही. शेती, रस्ते, नदी ओलांडून नागझिऱ्याचा वाघ दुसरे जंगल वसवू शकतो हे त्याने दाखविले. त्याचबरोबर संरक्षित क्षेत्राबाहेर पडलेल्या प्राण्याचे रक्षण किती तकलादू असते, हेही त्याच्या बेपत्ता होण्याने सिद्ध केले. २०२२ च्या पावसाळ्यानंतर गडचिरोलीकडून आलेला रानटी हत्तींचा कळप अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरला, पुढे भंडारा जिल्ह्यातही गेला. त्याने घरांची आणि धानाची हानी केली, माणूसही दगावला. ज्या जिल्ह्यांत हत्तींची सवय कोणालाच राहिली नव्हती तेथे ते आले, याचाच अर्थ वाटा अजून जिवंत आहेत.

या वाटांवरच आता सर्वाधिक ताण आहे. नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गही याच पट्ट्यातून धावतो. गोंदिया-कोहमारा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून जातो. तेथे ऑगस्ट २०२३ मध्ये एका मोटारीच्या धडकेने तरुण वाघ मृत्युमुखी पडला. दोन वाघिणी समारंभपूर्वक सोडल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये टी-९ हा नागझिऱ्यातील परिचित वाघ हद्दीसाठी झालेल्या झुंजीत मरण पावला. झुंज ही निसर्गातील घटना आहे, तिच्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. परंतु संख्या वाढविण्याचा प्रयत्न करताना जागा आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांचा विचार आधी झाला पाहिजे, ही आठवण तिने करून दिली.

पुढचा काळ अधिक कसोटीचा आहे. गोंदिया-बल्लारशा या २४० किलोमीटर लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्याचा खर्च ४,८१९ कोटी रुपये धरण्यात आला आहे. समृद्धी महामार्गाचा विस्तार म्हणून नागपूर-भंडारा-गोंदिया द्रुतगती मार्गाची आखणीही झाली आहे. या भागाला दळणवळणाची गरज नाही असे कोणी म्हणणार नाही. पूर्व विदर्भाची मागासलेपणाची तक्रार जुनी आणि रास्त आहे. प्रश्न रस्ता करावा की नाही हा नसून तो कसा करावा हा आहे. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गावर न्यायालयीन लढ्यानंतर प्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले गेले. भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावून पाहणी केली, तेव्हा वाघासह १८ प्रजातींचे प्राणी त्यांचा वापर करीत असल्याचे आढळले. म्हणजे उपाय माहीत आहे, तो चालतो हेही माहीत आहे. तो आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावा की अपघात आणि याचिका झाल्यावर जोडला जावा, एवढाच निर्णय उरतो. दुसऱ्या पद्धतीत खर्च अधिक येतो आणि मधल्या काळात जीव जातात.

वीज, कोळसा आणि तिरोडा

तिरोड्याचे नाव राज्याला परिचित झाले ते जंगलामुळे नव्हे, विजेमुळे. येथील अदानी समूहाचा ३,३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. पाच संचांचा हा प्रकल्प राज्याच्या वीजपुरवठ्यातील एक प्रमुख आधार आहे. मुंबई-पुण्यातील वाचकाच्या घरातील दिव्याशी त्याचा संबंध आहे.

या प्रकल्पासाठी सुरुवातीला चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील कोळशाचा साठा नेमून देण्यात आला होता. लोहारा हे ताडोब्याच्या लगत, वाघांच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात येते. चंद्रपूरच्या नागरिकांनी आणि वन्यजीव संस्थांनी तीव्र विरोध केला, उपोषण झाले आणि अखेरीस २००९-१० च्या सुमारास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणीची वाट बंद केली. प्रकल्प मात्र उभा राहिला आणि चालू आहे. विकास अडतो तो जंगलामुळे, या नेहमीच्या युक्तिवादाला हे उदाहरण परस्पर उत्तर देते. एका ठिकाणची खाण नाकारली म्हणून वीज थांबली नाही. पर्यायी कोळसा शोधला गेला.

तरीही तिरोड्यातील समीकरण सोपे नाही. वैनगंगेच्या पाण्यावर धानाची शेती, वीज प्रकल्प आणि उपसा सिंचन असे अनेक हक्कदार आहेत. राख, वाहतूक, वीजवाहिन्या यांचा भार परिसरावर पडतो. रोजगार आणि बाजारपेठ यांचा लाभही तेथेच होतो. जंगलात सहलीला येणारा शहरी पाहुणा हिरवाईचे कौतुक करतो आणि दूरवरच्या चिमण्या दिसल्या की नाराज होतो. त्या चिमण्यांतून निघणारी वीज आपणच वापरतो, हे त्याच्या लक्षात राहत नाही. हिशेबातील ही बाजू गृहीत धरल्याशिवाय स्थानिकांना निसर्गप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

मामा तलाव आणि सारस

नागझिऱ्याच्या भोवतालचा प्रदेश तळ्यांचा आहे. बोदलकसा, चोरखमारा, चुलबंद, नवेगावबांध ही नावे पर्यटकाला ठाऊक असतात, परंतु पूर्व विदर्भात अशी साडेसहा हजारांहून अधिक लहानमोठी तळी आहेत. कोहळी समाजातील पाटलांनी आणि गोंड राजवटीच्या आश्रयाने झालेल्या बांधकामांतून ती उभी राहिली. नवेगावबांधचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. पुढे मालगुजारांकडून ती सरकारकडे आली आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. धानाला पाणी, गावाला मासे, गुरांना ओलावा आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना मुक्काम, अशी चार कामे एकच तळे करीत आले आहे.

गाळाने, अतिक्रमणाने आणि बेशरमीसारख्या वनस्पतींनी ही तळी आक्रसत आहेत. त्याचा सर्वांत स्पष्ट परिणाम सारसावर दिसतो. माणसाएवढ्या उंचीचा हा क्रौंच महाराष्ट्रात आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. भंडारा आणि चंद्रपुरात तुरळक आढळतो. अलीकडच्या गणनांत गोंदियातील सारसांची संख्या तीसच्या आसपास आली आहे. सारस राखीव वनात राहत नाही. तो धानाच्या बांधीत घरटे करतो, तळ्याच्या काठी चरतो. शेतातील कीटकनाशके, उघड्या वीजतारा, तळ्यावरील गोंधळ हेच त्याचे शत्रू आहेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली आणि प्रशासनाला हालचाल करावी लागली. स्थानिक पक्षीमित्र आणि शेतकरी यांनी घरट्यांची राखण करण्याचे काम वर्षानुवर्षे चालविले आहे. फाटकाबाहेरचे वन्यजीवन कोण वाचवितो, याचे हे उत्तर आहे: ज्याच्या बांधीत घरटे आहे तो शेतकरी.

मोहाखालचा माणूस

जंगलाचा आणखी एक घटक पर्यटकाच्या छायाचित्रात येत नाही. मार्च ते मे या काळात मोहफुले आणि तेंदूपाने हे या भागातील गोंड आणि अन्य वनाश्रित कुटुंबांचे रोख उत्पन्न असते. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी रीत आहे. तेंदूला चांगली पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते. शुष्क पानझडीच्या वनात गुडघाभर पाचोळा साठलेला असताना ही आग कोठवर जाईल याचा नेम नसतो.

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात लागलेल्या वणव्याशी झुंजताना तीन हंगामी वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. हे मजूर जवळपासच्या गावांतील होते, रोजंदारीवर काम करीत होते. वाघाच्या मृत्यूची बातमी देशभर जाते, त्या मानाने या तीन मृत्यूंची चर्चा लवकर विझली. जंगल ज्यांच्या अंगावर उभे आहे त्यांना पुरेशी साधने, विमा आणि कायमपण यांपैकी काय मिळते, हा प्रश्न प्रत्येक उन्हाळ्यात विचारला गेला पाहिजे.

पुनर्वसनाचा विषयही असाच. नवेगावच्या जंगलातील कवलेवाडा, काळीमाटी आणि झनकारगोंदी ही गावे बाहेर काढून सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूर येथे वसविण्यात आली. गावे गेल्यावर गवताळ माळ तयार होतात, चितळ-सांबर वाढतात आणि त्यामागे वाघ येतो, हे खरे आहे. परंतु सोडून दिलेल्या शेतीच्या बदल्यात शेती, पाणी आणि रोजगार मिळाला नाही तर संरक्षणाचा खर्च सर्वांत गरीब माणसाने सोसला असा त्याचा अर्थ होतो. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गडचिरोली-गोंदियातील अनेक ग्रामसभा आता तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करतात. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंधही उठविले. आग न लावता, झाडाखाली जाळी अंथरून फुले गोळा करणाऱ्या गावाला चांगला भाव मिळण्याची व्यवस्था झाली, तर वणव्याविरुद्धचा तो सर्वांत स्वस्त उपाय ठरेल.

काय करता येईल

यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लोहमार्गाचे दुपदरीकरण आणि नवे रस्ते यांच्या आराखड्यांतच प्राण्यांच्या वाटांची तरतूद असावी आणि ती पूर्ण झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. मुरदोलीसारख्या पट्ट्यांत रात्रीच्या वेगावर प्रत्यक्ष नियंत्रण हवे. नुसते फलक पुरेसे नाहीत.

दुसरी, पर्यटनाचा रोख बदलायला हवा. बफर क्षेत्रातील गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्या चौकटीत गावातील तरुणांना झाडे, पक्षी, फुलपाखरे, तळी यांचे वाटाडे म्हणून तयार करता येईल. पावसाळ्यात बफरमध्ये पायी भ्रमंती, हिवाळ्यात तळ्यांवर पक्षीनिरीक्षण, वसंतात पळस-मोहाचा हंगाम अशी वर्षभराची आखणी झाली, तर वाघ दिसला नाही म्हणून सहल वाया गेली असे कोणी म्हणणार नाही. गाड्यांची गर्दी आपोआप विरळ होईल आणि उत्पन्न अधिक घरांत पोहोचेल.

तिसरी, मामा तलावांची दुरुस्ती करताना केवळ खोली वाढविण्याचा विचार नको. यंत्राने उभे काठ कापलेल्या तळ्यात पाणी साठते, पण उथळ कड नाहीशी होते आणि सारसाला, बदकांना, मासळीच्या पिलांना जागा उरत नाही. गाळ काढतानाही एक बाजू उथळ ठेवण्यास अधिक खर्च लागत नाही; लागते ती जाण.

चौथी, वणव्याच्या हंगामात राबणाऱ्या मजुरांची सुरक्षा हा वन्यजीव संवर्धनाच्या अंदाजपत्रकातील पहिल्या क्रमांकाचा विषय झाला पाहिजे.

नागझिऱ्यात सोडलेल्या वाघिणींची पिलावळ वाढेल तेव्हा ती येथेच थांबणार नाही. दीड-दोन वर्षांचा वाघ एका रात्री जंगलाची कड ओलांडेल, धानाच्या बांधीतून, मामा तलावाच्या पाळीवरून, रुळांवरून आणि डांबरी रस्त्यावरून चालू लागेल. तो सुखरूप पलीकडे पोहोचला तर २०२३ चा प्रयोग यशस्वी झाला असे म्हणता येईल. त्या वाटेवर फाटक नाही, तिकीट नाही आणि वनखात्याचा पहाराही नाही. तेथे आहेत ती तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनीतील गावे आणि त्यांच्याविषयी दूर कोठेतरी घेतले जाणारे निर्णय.